बोट ठेव आणि वाट काढ

प्रिय पोरी,

रविवारी रंकाळ्यावर तू म्हणालीस, "सर, नसांची सगळी नावं पाठ आहेत, पण पेशंटसमोर उभी राहिले की काहीच जुळत नाही." घरी आलो, जेवलो, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

नावं राहू देत. तुझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेव आणि वाट काढ. स्पर्शाचा निरोप मज्जारज्जूत शिरतो आणि डाव्या बाजूनेच वर चढतो. एकाच पेशीचा तंतू, अंगठ्यापासून थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या मेडुलापर्यंत! तिथे दुसरी पेशी तो निरोप घेऊन उजवीकडे ओलांडते, थॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या आतल्या निरोपांच्या नाक्याला, पोचवते. तिसरी मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे बाहेरच्या थरापर्यंत, नेते. आता त्याच अंगठ्याला टाचणी टोच. वेदनेचा निरोप मज्जारज्जूत शिरला की एक-दोन मणक्यांच्या अंतरातच पलीकडे जातो आणि उजवीकडून वर चढतो. अंगठा एक, वाटा दोन.

हे मला कळायला एका माणसाचा पाय भाजावा लागला. नोकरीचं दुसरं वर्ष. पाठीत कोयता लागलेला एक ऊसतोड कामगार वॉर्डात होता, डावा पाय लुळा. तो सांगायचा, "डाक्टर, ह्यो पाय उचलंना, पर त्यो चांगला पाय हाय न्हवं, त्येला चिमटा काढला तरी कळत न्हाई." मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलतोय. मज्जारज्जू अर्धा कापला गेला की त्या बाजूची ताकद, कंपनाची आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव जाते, आणि वेदना, ऊन-गार मात्र विरुद्ध बाजूचं जातं. ब्राऊन-सेकार या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हे दाखवलं होतं. परीक्षेत मी ते लिहून गुण घेतले होते! तरी त्या उजव्या पायाला टाचणी लावून पाहिली नाही. दोन दिवसांनी शेकायच्या पिशवीने तोच पाय भाजला. त्याला पत्ताच नाही. सकाळी फोड मला दिसले.

पुढे तोंडी परीक्षेत नावं घडाघडा म्हणणाऱ्या, पण वाट न काढता येणाऱ्या मुलांना मी नापास केलं. पालक भेटायला आले, सहकारी रागावले. मी बदललो नाही, आणि ते बरोबरच केलं. ते फोड त्यांच्यापैकी कुणी पाहिले नव्हते.

तू विचारलं होतंस, तिखट ही चव का नाही? अगं, तिथेही वाटच काढ. तांबड्या रश्श्याचा एक घास घे. मिठाची चव जिभेच्या पुढच्या भागातून चेहऱ्याच्या नसेने, म्हणजे सातव्या नसेने जाते. मिरचीतलं कॅप्सेसिन जो रिसेप्टर, म्हणजे नसेच्या टोकावरचं जे दार, उघडतं, तो मुळात ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेला उघडणारा. त्याचा निरोप पाचव्या नसेने जातो. म्हणून जीभ 'भाजते'. त्या शोधाला २०२१ चं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांना. आणि मसाल्याचा वास? तो थॅलॅमसला न विचारताच मेंदूत शिरतो. एका घासाच्या तीन वाटा, आणि तू कोल्हापुरात राहून तक्ते पाठ करतेस!

उद्या वॉर्डात गेलीस की चांगल्या दिसणाऱ्या पायापासून सुरुवात कर. पेशंट काय सांगतोय ते पूर्ण ऐक, बोट ठेव, वाट काढ. काय सापडलं ते संध्याकाळी फोन करून सांग.

तुझा,
सर