नऊ दिवसांच्या सुटीत जपान किती बसवावा?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही नागपूरच्या प्रतापनगर भागात राहतो. मी, माझे यजमान आणि दहा वर्षांचा मुलगा असे तिघे येत्या दिवाळीच्या सुटीत जपानला जाणार आहोत. यजमानांना शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत, म्हणजे नऊच दिवसांची रजा मिळते. टोकियोत दोन रात्री, फुजी पर्वताजवळ एक, ताकायामा येथे एक, क्योटोत एक आणि हिरोशिमात एक असा बेत आम्ही आखला असून परतीचे विमानही टोकियोहूनच घ्यावे असा विचार आहे. तिकिटे अद्याप काढलेली नाहीत. सात दिवसांचा रेल्वे पास घेतला की आतला सगळा प्रवास त्यातच भागतो, असे ओळखीच्यांनी सांगितले आहे. एवढ्या लांब जाऊन काही पाहायचे राहू नये, अशी इच्छा आहे. बेत योग्य आहे का?

उत्तर : तिकिटे अद्याप काढलेली नाहीत, ही आपल्या पत्रातील सर्वांत चांगली गोष्ट आहे, कारण या बेतात जो बदल सर्वांत आवश्यक आहे, तो तिकिटे काढण्यापूर्वीच करता येतो.

प्रथम दिवसांऐवजी रात्री मोजाव्यात. नागपूरहून जपानला थेट विमान नाही. शनिवारी सोनेगावच्या विमानतळावरून निघून दिल्ली गाठायची, तेथून संध्याकाळी किंवा रात्री निघणारे विमान साधारण आठ तासांत टोकियोला नेते, आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे उतरेपर्यंत रविवारची सकाळ झालेली असते. येताना शनिवारी निघून रविवारी घरी पोहोचावे लागते. म्हणजे नऊ दिवसांपैकी जपानमधील मुक्कामाच्या रात्री सहा, आणि ज्यांत सकाळपासून रात्रीपर्यंत हिंडता येईल असे पूर्ण दिवस पाचच उरतात. रविवारचा अर्धा दिवस हातात असतो. पण रात्रभर विमानात अवघडून बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाकडून त्या दिवशी फार अपेक्षा ठेवू नये.

या सहा रात्रींत आपण पाच हॉटेले बदलणार आहात. जपानमधील बहुतेक हॉटेलांत सकाळी 10 किंवा 11 पर्यंत खोली सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी 3 नंतर मिळते. मधल्या वेळात सामान ठेवून घेतात, हे खरे. तरीही आवराआवर, स्टेशन, गाडी, पुन्हा स्टेशन आणि नवा पत्ता शोधणे यांत अर्धा दिवस सहज जातो. त्यात गाड्यांचा वेळ मिळवावा. टोकियोहून नागोयामार्गे ताकायामाला चार तासांहून अधिक लागतात, तेथून क्योटोला सुमारे तीन, क्योटोहून हिरोशिमाला पावणेदोन आणि हिरोशिमाहून टोकियोला परत यायला चार तास. बारा-तेरा तास हे असे गाडीत बसण्यातच जातील, आणि क्योटोसारख्या हजारो मंदिरांच्या शहराच्या वाट्याला जेमतेम एक दुपार व एक सकाळ येईल. पाहायचे राहू नये म्हणून आखलेला बेत पाहणेच कमी करतो आहे.

माझ्या मते आपण टोकियो आणि क्योटो हे दोनच मुक्काम ठेवावेत, प्रत्येकी तीन रात्री, आणि टोकियोत उतरून ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परतावे. विमानाचे तिकीट काढताना ‘मल्टिसिटी’ हा पर्याय निवडला की जाण्याचे व येण्याचे शहर वेगवेगळे ठेवता येते. कान्साईहून भारतात येण्यासाठी सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे जोडविमाने मिळतात. तिकीट काहीसे महाग पडले तरी क्योटोहून टोकियोला उलट जाण्याचे तिघांचे गाडीभाडे आणि त्यात जाणारा अर्धा दिवस यांची बेरीज करून मगच तुलना करावी. नागपूर ते दिल्ली किंवा मुंबई हा टप्पाही शक्य तर त्याच तिकिटात जोडून घ्यावा. स्वतंत्र तिकीट स्वस्त दिसते. पण नागपूरचे विमान उशिरा सुटून पुढचे चुकले, तर ती जबाबदारी प्रवाशाचीच राहते. एका वर्षी चार-पाच हजार रुपये वाचवण्याच्या मोहात मी हेच केले, आणि रात्र मुंबईच्या विमानतळावरील खुर्चीत काढून दुसऱ्या दिवशी दुपटीने पैसे मोजले. मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल 1 वर उतरले आणि परदेशी विमान टर्मिनल 2 वरून असले, तर सामान घेऊन रस्त्याने जावे लागते, याचाही हिशेब ठेवावा.

आता रेल्वे पासविषयी. ओळखीच्यांचा सल्ला चुकीचा नाही, जुना आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 येनांवरून 50,000 येन झाली, आणि तेव्हापासून हा पास छोट्या सहलीला क्वचितच परवडतो. टोकियो ते क्योटो या शिंकान्सेनचे, म्हणजे अतिवेगवान गाडीचे, आरक्षित तिकीट सुमारे 14,000 येन आहे आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे भाडे पडते. म्हणजे तिघांचे मिळून सुमारे 35,000 येन होतात. तिघांच्या पासला 1,25,000 येन लागतील. फुजीची बस, क्योटोजवळच्या नारा शहराची लोकल आणि विमानतळाची गाडी मिळवूनही सुट्या तिकिटांचा खर्च पासच्या निम्म्याच्या आसपास राहतो. शिवाय शहरांतील मेट्रो आणि फुजीकडे जाणारी ती बस पासवर चालत नाहीच. सर्वांत जलद ‘नोझोमी’ गाडीसाठी पासधारकांना वर पैसे भरावे लागतात, ते वेगळे. मेट्रो, लोकल व बससाठी ‘सुइका’ किंवा ‘इकोका’ यांपैकी एक कार्ड प्रत्येकाने घ्यावे. दोन्ही कार्डे दोन्ही शहरांत चालतात.

नोझोमी टोकियोहून क्योटोला सव्वादोन तासांत पोहोचते. अंतर नागपूर ते छत्रपती संभाजीनगर एवढे, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर आहे. 1 ऑक्टोबर 1964 रोजी जगातील पहिली अतिवेगवान रेल्वे याच मार्गावर सुरू झाली. आरक्षण करताना क्योटोच्या दिशेने उजवीकडची खिडकी मागावी. साध्या डब्यात ती ‘ई’ क्रमांकाची जागा असते आणि हवा स्वच्छ असेल, तर गाडी सुटल्यावर पाऊण तासाच्या आत तेथून फुजी दिसतो. ज्या बॅगेची लांबी, रुंदी व उंची मिळून 160 सेंटिमीटरहून अधिक भरते, तिच्यासाठी डब्यातील शेवटच्या रांगेतील जागा आधीच आरक्षित करावी लागते. विमानात चालणारी 158 सेंटिमीटरची बॅग मात्र या नियमातून थोडक्यात सुटते. त्याहून सोयीचा मार्ग असा, की मोठ्या बॅगा आदल्या दिवशी सकाळी हॉटेलातूनच ‘ताक्क्युबिन’ या सामान पोहोचवण्याच्या सेवेकडे द्याव्यात. काळ्या मांजरीचे चिन्ह असलेली तिची वाहने सर्वत्र दिसतात. एका बॅगेला दोन ते तीन हजार येन पडतात आणि दुसऱ्या दिवशी ती क्योटोच्या हॉटेलात आलेली असते.

दिवसांची मांडणी सोपी आहे. रविवारी दुपारी असाकुसा येथील सेन्सोजी मंदिर आणि जवळच्या नदीकाठी फेरफटका पुरे. सोमवार व मंगळवार यांपैकी एक दिवस टोकियो शहराला आणि एक फुजीला द्यावा. मात्र कोणता कशाला, हे रविवारी रात्री हवामानाचा अंदाज पाहून ठरवावे, कारण ढगांत फुजी दिसत नाही आणि शिंजुकूहून कावागुचिको सरोवराला जाऊन येण्यात बसचे चार तास जातात. टोकियोतील बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात. तो दिवस शहरासाठी निघाला, तर मेइजी देवस्थान, शिबुया आणि 634 मीटर उंचीचा स्कायट्री हा मनोरा असा क्रम लावावा. बुधवारी सकाळच्या गाडीने क्योटो, गुरुवारचा पूर्ण दिवस तेथेच, शुक्रवारी नारा आणि शनिवारी ‘हारुका’ गाडीने सव्वा तासात कान्साई विमानतळ.

क्योटोबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण घाईतल्या प्रवाशाची फजिती तेथे होते. नोव्हेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि अनेक मंदिरांचे दरवाजे साडेचार-पाचला बंद होतात. म्हणून दिवस पहाटे सुरू करावा. फुशिमी इनारीचे हजारो केशरी तोरणांचे देवस्थान चोवीस तास उघडे असते आणि क्योटो स्टेशनपासून लोकलने दुसऱ्याच थांब्यावर आहे. सकाळी सातला गेलात तर मुलाला त्या तोरणांखालून मोकळेपणी धावता येईल, अकराला गेलात तर माणसांच्या पाठी पाहाव्या लागतील. कियोमिझु मंदिर सकाळी 6 ला उघडते, सोनेरी किंकाकुजी 9 ला. आराशियामाच्या बांबूच्या वनात बसने जाऊ नये, लोकलने पंधरा-सतरा मिनिटे लागतात. शहरातील बसगाड्या इतक्या भरतात, की फक्त बसचा दिवसभराचा पास तेथील प्रशासनाने बंदच केला. आता मेट्रो व बस मिळून 1,100 येनांचा पास आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पानगळीचे रंग पाहायला गर्दी उसळते, आपली दिवाळी बहुधा त्याआधी येत असल्याने आपल्याला खोल्या मिळणे सोपे जाईल.

नारा मी कोणाच्याही बेतातून काढू देत नाही. क्योटोहून ते पाऊण तासावर आहे, माणसांना न भिणारी हरणे मुलाला आवडतीलच. पण तोदाइजी मंदिरातील सुमारे पंधरा मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीपुढे थांबून त्याला एक गोष्ट अवश्य सांगावी. इ. स. 752 मध्ये या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, तेव्हा तो विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला होता. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर पाहिलेल्या आणि दीक्षाभूमीच्या शहरात वाढणाऱ्या मुलाला हे सांगण्यासाठी वेगळी प्रस्तावना लागणार नाही.

हिरोशिमा सोडताना आपल्याला वाईट वाटेल, हे मी समजू शकतो. ते सोडवतच नसेल, तर फुजी किंवा नारा यांपैकी एक वगळून क्योटोहून एका दिवसात जाऊन यावे. मात्र शांती संग्रहालय पाहून लगेच जवळच्या मियाजिमा बेटाची नाव पकडण्याची घाई करू नये. त्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर काही वेळ कोणीच बोलत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाला तेथे न्यावे की नाही, हे आपण दोघांनी निघण्यापूर्वीच ठरवावे. ताकायामा या खेपेस सोडा.

प्रश्न : माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात. त्या शुद्ध शाकाहारी आहेत. टोकियो आणि क्योटो अशी आठ दिवसांची सहल त्यांना झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण त्यांच्यासाठी हॉटेल निवडताना खोलीपेक्षा स्टेशनचे अंतर पाहावे. जपानमधील स्टेशनांवर लिफ्ट असते. ती नेमक्या कोणत्या दाराशी आहे, हे आधी माहीत नसेल तर तिच्यापर्यंतच अर्धा किलोमीटर चालावे लागते. टोकियोतील शिंजुकू स्टेशनला दोनशेहून अधिक दारे आहेत, तेव्हा सासूबाईंना घेऊन तेथे गाडी बदलण्याचे शक्यतो टाळावे. क्योटोत चौघांनी टॅक्सी केली, तर बसच्या तुलनेत फार महाग पडत नाही. टॅक्सीचे मागचे दार चालक आतूनच उघडतो, आपण ओढू नये. कियोमिझुचा चढ व फुशिमी इनारीचा डोंगर यांऐवजी त्यांना सांजूसांगेंदो मंदिर दाखवावे. लांबलचक सपाट सभागृहात कान्नोन या करुणामूर्ती बोधिसत्त्वाच्या 1,001 मूर्ती आहेत, आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या रक्षक देवतांमध्ये बासरी वाजवणारा गरुड पाहून सासूबाई गुडघे विसरतील, असा माझा अनुभव आहे.

जेवणाची अडचण खरी आहे. वरकरणी भाजीचे दिसणारे सूप आणि नूडल्ससुद्धा बहुधा ‘दाशी’त, म्हणजे माशाच्या अर्कात शिजवलेले असतात, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासे आणि दाशीही नको, हे जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. दोन्ही शहरांत भारतीय उपाहारगृहे आहेत आणि क्योटोच्या काही मंदिरांजवळ ‘शोजिन र्‍योरी’ हे भिक्षूंचे शाकाहारी जेवण मिळते. सावजीच्या तिखटावर वाढलेल्या नागपूरकराला ते अळणी लागेल, म्हणून शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी. संत्री मात्र बॅगेत घालू नयेत. प्रमाणपत्राशिवाय ताजी फळे जपानमध्ये नेता येत नाहीत.

प्रश्न : सगळे काही आधीच आरक्षित करावे, की तेथे गेल्यावर पाहावे?

उत्तर : मुक्काम आणि विमान आधी, शिंकान्सेन साधारण महिनाभर आधी, बाकीचे तेथे. अपवाद दोन आहेत. टोकियोजवळ मिताका येथील घिबली या अ‍ॅनिमेशनपटांच्या संग्रहालयाची तिकिटे दारावर मिळत नाहीत. दर महिन्याच्या 10 तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी 10 वाजता, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेसहाला, पुढील महिन्याची विक्री उघडते, आणि मुले बरोबर असतील तर गजर लावून बसावे. दुसरा अपवाद एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील ‘गोल्डन वीक’चा. त्या दिवसांत सगळा जपान प्रवासाला निघतो आणि नोझोमी गाड्यांत विनाआरक्षण डबाच नसतो. उन्हाळी सुटीत जायचे असल्यास 10 मेनंतर निघावे व जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी परतावे, कारण पुढे तेथे पावसाळा लागतो.