पहाटे छाती दुखायची थांबली, तेव्हाच दूध कमी झालं

"ताई, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगी अडीच महिन्यांची आहे. माहेरी होते तोवर फक्त अंगावर पीत होती. दीड महिन्याचा डोस देऊन सासरी आले आणि दूध कमी पडायला लागलं. संध्याकाळी ती सारखी रडायची, तर सासूबाई म्हणाल्या, पोरीचं पोट भरत नाही. त्या येता-जाता ऐकवतात, शेजारणींसमोर बोलतात. अळीव, मेथीचे लाडू, शतावरी सगळं झालं. आता दिवसातून तीनदा पावडरचं दूध द्यावं लागतं. मिस्टर मात्र फार समजून घेतात. मला झोप मिळावी म्हणून सासरी आल्यावर आठवडाभरातच त्यांनी डबा आणला. शेतावर रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला जाण्याआधी अकराला तेच 90 मिलीची बाटली पाजतात. मी नऊला पाजून झोपते, ती सकाळी सहापर्यंत उठत नाही. सुरुवातीला पहाटे छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज भिजायचा, पण चार-पाच दिवसांत तो त्रासही थांबला. मी अजून काय खाऊ?"

तुझं पत्र याच्या चौपट आहे आणि त्यातला बहुतेक भाग सासूबाईंवर खर्च झालाय. त्यांना आज बाजूला ठेवू. मी थांबले ते तू सुटका झाल्यासारख्या लिहिलेल्या एका वाक्यापाशी: "चार-पाच दिवसांत तो त्रासही थांबला." अगं, ती पाजायची वेळ होती आणि तुझं शरीर तुला उठवत होतं. बाळाला कुणी छातीशी लावलं नाही, म्हणून शरीरानं दूध बनवणं कमी केलं. तुझं दूध कमी झालं ते तिथं.

छातीत दूध साचून राहिलं की दूध बनवणाऱ्या पेशींचा वेग उतरतो. छाती रिकामी होत राहिली की वेग वाढतो. शिवाय बाळ ओढतं तेव्हा प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, आणि ते दिवसापेक्षा रात्री पाजल्यावर जास्त वाढतं. म्हणजे दूध वाढवायला सगळ्यात कामाचं पाजणं रात्रीचं. तू रात्री नऊ ते सकाळी सहा एकदाही पाजत नाहीस. चोवीसातले सलग नऊ तास! हे तीन आठवडे चाललंय. मग दिवसाची धार कमी झाली, दुसरी बाटली आली, तिसरी आली. अळीव यात काय करणार? आवडत असेल तर खीर खा, बाळंतिणीच्या पोटाला ती चांगलीच आहे. पण दूध काढून घेतलं जात नसेल तर कुठल्याही लाडवानं ते वाढत नाही.

इथं एक फरक समजून घे, नाहीतर उगाच घाबरशील. दीड-दोन महिन्यांनंतर बहुतेक जणींची छाती मऊ लागायला लागते आणि दूध तरीही भरपूर असतं. मऊ छाती म्हणजे दूध आटलं असं नाही. तुझी गोष्ट वेगळी आहे. तुझी छाती मऊ होती ती रात्रीचा खंड पडल्यावर कडक झाली, दुखली, आणि खंड तसाच असताना पुन्हा मऊ पडली.

दूध मुळात होतं याचा पुरावा तूच दिलायस, पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेली वजनं. जन्माचं 2.9 किलो, दीड महिन्याच्या डोसाला 3.8. जन्मानंतर पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतं आणि दोन आठवड्यांत भरून निघतं, तेव्हा ही 900 ग्रॅमची वाढ साधारण महिन्याभरातली आहे, दिवसाला 30 ग्रॅम. या वयात 20 ते 30 ग्रॅम व्हायला हवी. तू एकटीच्या दुधावर पोरीला वरच्या टोकाला नेलीस. सासरी आल्यावर संध्याकाळी ती रडायला लागली ते सहाव्या-सातव्या आठवड्याचं रडणं. याच वयात बाळं सगळ्यात जास्त रडतात आणि संध्याकाळी दर अर्ध्या-पाऊण तासाला छाती मागतात. त्या वेळी पाजत राहणं एवढंच काम असतं. तुझ्या घरात त्या रडण्याला उत्तर म्हणून डबा आला.

तो डबा तुझ्या नवऱ्यानं आणला. तो समजूतदार आहे, असेलही. पण तुझं दूध कमी होण्याला सासूबाईंची जीभ जितकी कारणीभूत आहे, त्याच्या कितीतरी पट ती अकराची बाटली आहे, आणि ती त्याच्या हातात आहे. सासूबाईंच्या बोलण्यानं फार तर पान्हा फुटायला वेळ लागतो. जीव धास्तावला की तसं होतं, खोलीचं दार लावून पाजलं की बरंच निभतं. पण नऊ तासांचा खंड दार लावून भरून निघत नाही. मला राग येतो तो पत्रात तू पुढे लिहिलेल्या गोष्टीचा, की रात्रीची लाईट नसलेल्या आठवड्यातही, मोटर चालू करायची नसतानाही, तो ती बाटली देतोच. आणि कुणालाच ती चूक वाटत नाही, कारण ती प्रेमानं दिली जाते. हे त्याला वाचून दाखव.

म्हणून एकच गोष्ट सांगते. आज रात्रीपासून अकराची बाटली बंद. दिवसाच्या दोन बाटल्यांना आत्ता हात लावायचा नाही.

पाळणा तुझ्या पलंगाला लागून आण. अकराला त्यानं पोरीला उचलायचं, लंगोट बदलायचा, तुझ्या कुशीत द्यायचं, उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि मग मोटरीकडे जायचं. परत आल्यावर ढेकर काढायला त्याचा खांदा. झोप तुला तशीही मिळेल, कारण रात्री कुशीवर निजून पाजता येतं. तिचं पोट तुझ्या पोटाला, नाक स्तनाग्राच्या समोर. पाजून झालं की तिला पाळण्यात परत. गादी घट्ट हवी, तिच्या तोंडाजवळ उशी किंवा जड गोधडी नको. घरातलं कुणी दारू पिऊन किंवा बिडी-सिगारेट ओढून शेजारी झोपत असेल तर बाळ त्या पलंगावर नकोच. मग अकरा, दोन, साडेचार असं साधारण होईल. घड्याळ लावू नकोस. हात तोंडात घालायला लागली, मान इकडेतिकडे वळवायला लागली की घे. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे, आणि रडणारं बाळ छाती नीट धरत नाही.

पहिल्या दोन-तीन रात्री ती छातीशी येऊन चिडेल, मागे रेलेल. तिला तू नकोशी झालीयस असं मनात आणू नकोस. बाटलीतून पहिल्या ओढीला दूध येतं, छातीला पान्हा फुटायला एक-दोन मिनिटं लागतात. म्हणून तिला घेण्याआधी हातानं थोडं दाबून चार थेंब बाहेर आण, ओठाला लाव, मग दे. बाटलीच्या बोंडाच्या सवयीनं ती टोकच धरते का, हेही बघ. तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांब. मग हनुवटी आधी टेकव आणि स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाचा खालचा हिस्सा जास्त आत जाऊ दे. खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. डोकं मागून ढकलू नकोस, मानेच्या मुळाशी धर. पिऊन सोडल्यावर स्तनाग्र चपटं किंवा एका बाजूनं तिरकं दाबलेलं दिसलं, तर पकड चुकलेली आहे. तेव्हा अर्धा तास ओढूनही तिच्या पोटात फारसं गेलेलं नसतं.

गिळण्याचा आवाज ऐक. दोन-तीन ओढी, एक घोट, हे चालू असेल तोवर मध्ये पडू नकोस. नुसतं चोखणं सुरू झालं की छाती बरगड्यांजवळून, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, दाबून धर. ती पुन्हा घोट घ्यायला लागेल. थांबली की सोड, हात थोडा फिरव, परत दाब. त्यानं काही होईनासं झालं की दुसरी बाजू, आणि मग परत पहिली. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं व्हायला हवं. तुझी आत्ता जेमतेम पाच होतात.

दिवसा तीन-चार वेळा पाजून झाल्यावर पाच-दहा मिनिटं हातानं दूध काढ. साबणानं हात धू, उकळलेली स्टीलची वाटी घे. अंगठा वर, बोट खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी बरगड्यांकडे आत दाब, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे, मग सोड. कातडीवरून बोटं घासत पुढे आणू नकोस, त्यानं दूध येत नाही आणि साल मात्र निघते. सुरुवातीला चमचाभर निघालं तर रडत बसू नकोस. हातानं किती निघालं यावरून दूध किती आहे ते ठरत नाही, बाळ हातापेक्षा खूप जास्त ओढतं. निघेल ते झाकून फ्रिजमध्ये आत ठेव, दारात नको. तिथं चार दिवस टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर तासन् तास ठेवू नकोस.

आता दिवसाच्या वरच्या दुधाचं. ते आधी देऊ नकोस. दोन्ही बाजू पाजून झाल्यावर दे, आणि बाटलीऐवजी बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं, तिला मांडीवर अर्धवट बसतं धरून. काढलेलं अंगावरचं दूध असेल तर आधी ते. पावडर कालवताना पाणी आधी मोजायचं, मग चमचा सपाट करून टाकायचा. बहुतेक डब्यांना 30 मिलीला एक चमचा असतो, तरी तुझ्या डब्यावरचं वाच. डबा पुरवायला म्हणून पातळ कधीही करायचं नाही, त्यानं बाळाचं वजन बसतं आणि अंगातल्या क्षारांचा तोल जातो. वजन नीट वाढतंय असं दिसलं, की दर तीन-चार दिवसांनी एका वेळचे 15 मिली कमी कर. घाई नको. मेडिकलवाल्यानं "हा डबा घ्या, चांगलाय" म्हणून हातात दिला असं तू लिहिलंयस. बाळाच्या पावडर दुधाची अशी भलामण करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि आईचं दूध सर्वोत्तम हे त्या डब्यावरच छापावं लागतं. नवऱ्याला ते वाचायला सांग.

काही दिवस डायपर बाजूला ठेवून सुती लंगोट वापर, म्हणजे मोजता येईल. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, लघवी फिकट, तर पोटात पुरेसं जातंय. आशाताईंकडे वजनकाटा असतो, अंगणवाडीतही असतो. आज वजन कर, चार दिवसांनी कर, मग दर आठवड्याला. त्याच काट्यावर आणि उघडं करूनच. आठवड्याला 140 ग्रॅमपेक्षा कमी वाढलं, लंगोट सहाच्या खाली आले, लघवी गडद पिवळी झाली, तर वरच्या दुधाची ती वेळ परत चालू कर, अंगावर पाजून झाल्यावर, बोंडल्यानं. आणि तासगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. बाळाला उपाशी ठेवून दूध वाढवायचं नसतं. ती मलूल दिसली, प्यायला उठेनाशी झाली, तर काटाबिटा काही बघू नकोस, त्याच तासाला डॉक्टर.

तुझ्या स्वतःच्या दोन तपासण्या करून घे: थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. बाळंतपणात रक्तस्राव जास्त झाला असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांग. पाळणा लांबवायला माला-एन किंवा तसल्या गोळ्या कुणी दिल्या असतील तर त्या थांबव. त्यातल्या इस्ट्रोजेननं दूध कमी होऊ शकतं, आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजत्या आईला त्या देत नाहीत. छाया गोळी किंवा तांबी चालते. दूध वाढवायच्या गोळ्या मैत्रिणीनं सुचवल्या म्हणून मेडिकलमधून आणू नकोस, त्या डॉक्टरांनी तपासून दिल्या तरच घ्यायच्या. छातीचा एखादा भाग लाल, गरम झाला आणि ताप आला तरी पाजणं थांबवू नकोस, त्याच दिवशी दाखव.

साधारण आठवडाभरात पहाटे छाती पुन्हा भरल्यासारखी वाटायला लागेल, कुणाला दोन आठवडे लागतात. भरली की तिला उठव आणि पाज, ती झोपेत असली तरी. झोपेतलं बाळ चिडत नाही, पकड चांगली धरतं. साडेतीन महिन्यांच्या डोसाला काट्यावर काय आलं आणि तोवर दिवसाच्या बाटल्या किती उरल्या, ते मला कळव. सासूबाईंबद्दल तेव्हा बोलू.