लेकीचा मेडिकलला नंबर लागलाय, तर पहिल्या समारंभाला आईवडिलांनी जावं का?

दादा, तुमचा प्रश्न असा: लेकीचा अंबाजोगाईला एमबीबीएसला नंबर लागला, घरात पहिलीच डॉक्टर. वेळापत्रकात ‘व्हाइट कोट सेरेमनी’ आणि ‘शवशपथ’ लिहिलंय. सोयाबीनची काढणी सोडून दोघांनी यावं का? इंग्रजी येत नाही, तर तिथं अवघडल्यासारखं होईल का?

या. काढणीला दोन दिवस भावकीतल्या कुणाला तरी उभं करा, पण या. मी मराठवाड्यातच शिकले, आता तालुक्याला दवाखाना चालवते. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. वडिलांनी हॉस्टेलच्या फाटकाशी ट्रंक ठेवली, “जपून राहा” म्हणाले आणि परतीची एसटी गाठली. आत कुणी बोलावलंच नव्हतं त्यांना.

कोटाचा समारंभ सोपा असतो. पोरं ज्याला ॲप्रन म्हणतात तोच हा पांढरा कोट. ही पद्धत १९९३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुरू झाली आणि हळूहळू इकडे आली. कुठे प्राध्यापक कोट चढवतात, कुठे आईवडिलांच्या हातून चढवतात. मग सगळी मुलं उभी राहून शपथ घेतात, अलीकडे बऱ्याच ठिकाणी चरक शपथ, म्हणजे आयुर्वेदातल्या चरकसंहितेवरून घेतलेली डॉक्टरनं कसं वागावं याची शपथ. भाषणं इंग्रजीत झाली तरी तुमचं काही अडणार नाही. माझ्या भाच्याच्या वेळी शेजारच्या खुर्च्यांवर फेट्यातले आजोबा होते, नऊवारीतल्या आज्या होत्या. स्वच्छ कपडे घाला, बस्स.

पण माझं खरं सांगणं शवशपथेबद्दल आहे, म्हणजे ज्या मृतदेहावर शिकायचं त्याच्यासमोर घ्यायच्या शपथेबद्दल. त्याचे फोटो फारसे कुणी काढत नाही, म्हणून लोकांना ते कमी महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, असते आणि ती माणसाच्या देहावरच शिकतात. काही देह दान केलेले असतात, काही बेवारस, कायद्यानं कॉलेजला मिळालेले. आम्हाला पहिल्या दिवशी थेट डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे देह चिरून शिकतात त्या खोलीत नेलं, कापड बाजूला केलं आणि काम सुरू झालं. कॉलेजचं नाव घेत नाही, तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच चालायचं. आमच्या टेबलावर एक म्हातारी बाई होती. हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण, मधोमध तुळशीवृंदावन. माझ्या आजीच्या हातावर अगदी तसंच होतं. टेबलावरच्या एकानं तिला एक वाईट नाव ठेवलं आणि ते वर्षभर चाललं. मी एकदाही त्याला थांबवलं नाही. डिसेक्शनला हातापासूनच सुरुवात करतात. हाताची कातडी सोडवायची पाळी आली त्या दिवशी मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिले. ती बाई कुठली, कुणाची, हे आम्ही कुणी विचारलंसुद्धा नाही.

भाच्याच्या कॉलेजात मुलं देहाभोवती उभी राहिली, फुलं वाहिली आणि शपथ घेतली: हा आमचा पहिला गुरू, याची थट्टा करणार नाही, याचे फोटो काढणार नाही. देहदान केलेल्या एका शिक्षकांच्या पत्नीला मुद्दाम बोलावलं होतं. त्या दोनच वाक्यं बोलल्या आणि बसल्या. पाठीमागे कुजबुजणारी पोरं एकदम गप्प झाली. मला तेव्हा माझी गोंदणवाली बाई आठवली आणि रडू आवरेना. ही दहा मिनिटं मला अठराव्या वर्षी मिळाली असती तर मी त्या मुलाला नक्की अडवलं असतं. पालकांना हॉलमध्ये सोडत नसतील तर बाहेर थांबा, पण लेक आत जाताना तिथं असा.

त्या दिवशी तिला उपाशी पाठवू नका. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात, आणि रिकाम्या पोटी उभ्या असलेल्या मुली हमखास चक्कर येऊन पडतात. केस घट्ट बांधलेले, पायात बंद बूट.

इंग्रजीची भीती तिलाही असेलच. २०१९ पासून सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, त्यात इंग्रजीही घेतात. १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या असतात, त्यातून बाहेरच्या राज्यांतली जी मुलं येतात त्यांना तिथं मराठी शिकावं लागतं. वॉर्डात धारूर-केजची आजी “पोटात कळ मारतीय” म्हणाली की तुमच्या लेकीला लगेच कळेल, त्यांना नाही. हे तिला घरूनच सांगून पाठवा.

हाडांचा बोन सेट नवा घेऊ नका, सीनिअरकडून निम्म्या किमतीत मिळतो. आणि सीनिअरनं ‘ओळख’ म्हणून रात्री खोलीवर बोलावलं, गाणी म्हणायला लावली, तर ते स्वागत नव्हे, ते रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होते. तिनं सहन करायचं नाही, वॉर्डनला आणि तुम्हाला त्याच दिवशी सांगायचं.

परत गेल्यावर आठवडाभरानं फोन कराल तेव्हा अभ्यासाचं नंतर विचारा. आधी विचारा, बाळा, तुझ्या टेबलावर कोण आहे?