मार, माहर की मीगर?

प्रश्न: ताई, माझी लेक बोस्टनजवळ असते, जावई आयरिश वंशाचे. नातवाला शाळेसाठी वंशवृक्षाचा तक्ता करायचाय. आमची बाजू कुलवृत्तांत उघडला आणि अर्ध्या तासात उतरवली, थेट दहा पिढ्या. जावयांच्या बाजूला मात्र खापरपणजोबांपाशी गाडी अडलीय. ते आयर्लंडमधल्या टिपेररीहून येऊन बोस्टनजवळच्या वुस्टर शहरात राहिले, तारेच्या कारखान्यात कामाला होते, एवढंच घरात माहीत आहे. 1900 च्या जनगणनेत ते सापडले, तिथे अमेरिकेत आल्याचं साल 1871 दिलंय. मग 1880 च्या जनगणनेत का नाहीत? आडनावाचा उच्चार ‘मार’, पण स्पेलिंग एम-ई-ए-जी-एच-ई-आर, त्यात ‘जी’ आणि ‘एच’ कडमडतात. व्याही म्हणतात, एलिस बेटावरच्या कारकुनाने नावाची वाट लावली. खरं का हे?
– एक आजी, कोथरूड

उत्तर: ताई, आधी त्या बिचाऱ्या कारकुनाला आरोपातून मोकळं करू. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं, बाहेरून येणाऱ्यांना तपासून आत घेणारं ठाणं उघडलं 1 जानेवारी 1892 ला. तुमचे पाहुणे त्याच्या एकवीस वर्षं आधी येऊन कामाला लागले होते. शिवाय बेटावर कुणी नव्याने नाव लिहून घेतच नसे. जहाज जिथून सुटे तिथेच प्रवाशांची यादी तयार व्हायची आणि इथले लोक ती समोर ठेवून नुसती पडताळणी करायचे. ही बेटाची गोष्ट मला इथे अमेरिकेत निम्म्या आयरिश घरांनी ऐकवली आहे. व्याह्यांशी वाद घालू नका, चहा करा.

नाव बिघडलं ते घराच्या दारात. गणनेवाला दारोदार फिरे, समोर येईल त्याला विचारे; घरी कुणी नसलं तर शेजारीण सांगेल ते लिही. 1880 च्या तक्त्यात ‘वाचता येत नाही’ आणि ‘लिहिता येत नाही’ असे दोन रकानेच आहेत. त्यात खूण असलेल्या माणसाने स्वतःच्या आडनावाचं स्पेलिंग काय सांगायचं? गणनेवाल्याने कानावर पडलं ते आपल्या समजुतीने उतरवलं. आपल्या शिंद्यांचं इंग्रजी कागदांत सिंदिया झालं, तशीच ही तऱ्हा. आणि ज्या गावात हे चाललंय ते वुस्टर तरी कुठे सरळ आहे? इंग्रजी अक्षरं वाचलीत तर वॉर्सेस्टर.

आता तुम्हाला एक सोय आहे, जी तुमच्या व्याह्यांना नाही. आडनाव देवनागरीत लिहा: मार. मग इंग्रजी शाळेत गेलेल्या पण आयरिश नावं न पाहिलेल्या माणसाला ते ऐकून कसं लिहावंसं वाटेल, याची यादी करा. एम-ए-आर-आर. एम-ए-एच-ई-आर. एम-ए-एच-ए-आर. एखादा शहाणा ‘जी’ ठेवेल आणि ‘एच’ गाळेल, की झाला मीगर. मूळ आयरिश नाव ओ माहर, त्यातला ‘ओ’ म्हणजे वंशज. आयर्लंडमध्ये इंग्रजी अमलात हा ‘ओ’ पुष्कळांनी गाळला, पुढे काहींनी परत जोडला. तेव्हा ‘ओ’खालीही एकदा बघा.

मशीन हे सगळं आपोआप करील असं समजू नका. उच्चारावरून नावं गोळा करायची साउंडेक्स नावाची पद्धत आहे, तिचं पेटंट 1918 चं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. त्यात मार आणि माहर यांना एम-600 मिळतो, पण तुमच्या ‘जी’वाल्या स्पेलिंगला एम-260. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ दोन कपाटांत. केन हे नाव ‘के’ने लिहा की ‘सी’ने, उच्चार तोच, पण पहिलं अक्षर बदललं की साउंडेक्सने हात टेकले.

त्यात हस्ताक्षराची भर. इथल्या वाचनालयाच्या जुन्या कागदांच्या खोलीत मी 19 वर्षं काढली. तिथे एक निवृत्त बसचालक यायचे, आडनाव लिंच. शनिवारी डबा घेऊन येत, जुन्या कागदांची मायक्रोफिल्म फिरवत बसत. पणजोबा सापडले ते ‘एस’खाली, ‘सिंच’ म्हणून. त्या काळच्या वळणदार लिपीत मोठा ‘एल’ आणि मोठा ‘एस’ जुळ्या बहिणींसारखे दिसतात, आणि सूची करणाऱ्याने दिसलं ते टिपलं. गणनेवाल्याने बरोबर लिहिलं होतं, हे विशेष! तुमच्या ‘एम’चा कुणी ‘डब्ल्यू’ वाचला असेल, तेही ताडून बघा.

एवढं करूनही हाती नाही लागलं तर आडनावाचा रकाना रिकामा सोडा. खरंच सोडा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा आणि फक्त नवऱ्याचं नाव, जन्म आयर्लंड, राहणं वुस्टर, सोबत बायकोचं आणि थोरल्या मुलाचं नाव एवढंच भरा. वयात चार-पाच वर्षांची सूट द्या. ही मंडळी दहा वर्षांत सातच वर्षांनी म्हातारी होतात. बायकांच्या नावांचीही सोंगं असतात: होनोरा ही नोरा असेल, हॅना असेल; ब्रिजेट ही डिलिया म्हणून निघेल. 1880 च्या गणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं पहिल्यांदा लिहिलं गेलं, त्यामुळे सासू नाहीतर मेहुणा त्याच घरात राहत असेल तर बायकोचं माहेरचं आडनाव आयतं मिळतं. घर सापडलं की आजूबाजूची दोन-तीन पानं चाळा. एका गावची माणसं एकाच गल्लीत बिऱ्हाड करत.

1890 च्या गणनेच्या मागे लागू नका. तिचे कागद 1921 मध्ये वॉशिंग्टनच्या आगीत सापडले, उरलं ते नगण्य. मधल्या वर्षांसाठी शहराच्या छापील डिरेक्टऱ्या आहेत, त्यात नाव, धंदा, पत्ता मिळतो.

टिपेररीकडे इतक्यात वळू नका. तिकडे जुनी खानेसुमारी शिल्लकच नाही. 1821 ते 1851 ची बहुतेक सगळी 1922 मध्ये डब्लिनला जळाली, पुढच्या चार सरकारनेच नष्ट केल्या. 1901 आणि 1911 ची मात्र पूर्ण आहे, आणि फुकट बघता येते. त्याआधीचं शोधायला ग्रिफिथची जमीन-आकारणी (1847 ते 1864) आणि कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं. पण त्यासाठी टाउनलंड, म्हणजे आपली वाडी म्हणा, तिचं किंवा निदान पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीचं, नाव हवं. आयर्लंडभर टाउनलंड 60,000 हून जास्त आहेत. नुसतं ‘टिपेररी’ म्हणजे नुसतं ‘कोकण’.

ते नाव पुष्कळदा थडग्यावर मिळतं. अनेक आयरिश कुटुंबांनी दगडावर काउंटी आणि पॅरिशही कोरून घेतलीय. जावयांना रविवारी दफनभूमीत पाठवा, उन्हं कलल्यावर. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात, तेव्हा फोटो घ्यायचा. आणि अक्षरं नीट दिसावीत म्हणून दगडाला कणीक किंवा दाढीचा फेस चोळू नका म्हणावं, दगड खराब होतो.