गुप्त ‘की’ एपीकेत ठेवू नकोस, गड्या

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत्यांसाठी सोयाबीनच्या भावाचं अ‍ॅप करतोयस, झकास. पण आधी तुझीच एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, जॅडेक्समध्ये (अ‍ॅपचा कोड उलगडून दाखवणाऱ्या साधनात) उघडून बघ. एपीके म्हणजे शेवटी झिपच. दोन मिनिटांत क्लासची नावं, सर्व्हरचे पत्ते, सगळं समोर येतं. माझ्या पहिल्या अ‍ॅपात एसएमएस सेवेची की, म्हणजे ती सेवा वापरायची गुप्त किल्ली, अशीच स्ट्रिंगमध्ये (कोडात लिहिलेल्या मजकुरात) पडून होती. कुणीतरी काढली, अन् रातोरात बॅलन्स साफ!

लोकांना द्यायच्या रिलीज बिल्डला आर८, म्हणजे कोडातली नावं बदलून छोटी करणारं साधन, चालू कर. नावं ‘ए’, ‘बी’ अशी होतात, वाचणारा मेटाकुटीला येतो. पण स्ट्रिंग जशाच्या तशा राहतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. म्हणून ‘की’ सर्व्हरवर ने, जुनी रद्द कर. वर्गणी भरलीय का, हेही तिथंच तपास. फोनमधली तपासणी फ्रिडा (चालत्या अ‍ॅपात स्वतःचा कोड घुसवणारं साधन) लावून चालत्या अ‍ॅपात फिरवता येते. रूट तपासणीचंही, म्हणजे फोनच्या सिस्टिमवर कुणी पूर्ण ताबा मिळवलाय का ते बघण्याचंही, तेच. लावायची तर लाव, भिस्त ठेवू नकोस. गूगलच्या प्ले इंटिग्रिटीचा (अ‍ॅप अन् फोन अस्सल आहेत का, हे सांगणाऱ्या सेवेचा) निकालसुद्धा सर्व्हरवरच तपासायचा.

आणि हो, दर रिलीजची मॅपिंग फाइल (बदललेलं नाव मुळात कुठलं, हे सांगणारी) जपून ठेव. नाहीतर औशाहून कुणी ‘अ‍ॅप बंद पडतंय’ म्हणून फोन करील, अन् तुला रिपोर्टात नुसतं ‘ए डॉट बी’ दिसेल.