चालकाविना गाडी चालते, पण तिच्यामागे अख्खं शहर लागतं

तुम्ही विचारलंय की चालकविरहित गाड्या खऱ्या रस्त्यांवर कधी चालतील का, की हे सगळं चाचणीच्या ट्रॅकपुरतं आणि जाहिरातीपुरतंच आहे. मी पुण्यात गाड्यांच्या एडीएएस प्रणालींच्या चाचणीचं काम करतो. म्हणजे आपोआप ब्रेक लागणं, लेन सांभाळणं, पुढच्या गाडीपासून अंतर राखणं वगैरे. माझं उत्तर असं: चालतात, आजही चालताहेत. पण शोरूममधून घरी आणलेली गाडी म्हणून नाही, तर एका ठराविक शहरात कुणीतरी चालवत असलेली सेवा म्हणून. हे एकदा लक्षात आलं की या विषयातले बरेचसे वाद निवळतात.

वेमोचं उदाहरण घ्या. गूगलमध्ये २००९ साली सुरू झालेल्या प्रकल्पाची ही कंपनी. अमेरिकेतल्या फीनिक्स परिसरात ऑक्टोबर २०२० पासून तिच्या ड्रायव्हरविना टॅक्सीत सामान्य माणूस बसू लागला. जून २०२४ पासून सॅन फ्रान्सिस्कोत कुणीही अ‍ॅपवरून ती बोलावू शकतं. सॅन फ्रान्सिस्को काही सोपं शहर नाही. उभे चढ, ट्राम, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेले अरुंद रस्ते, धुकं, मध्येच उघडणारी दारं, सगळं तिथे आहे. स्विस री या विमा कंपनीने वेमोबरोबर केलेला अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये आला. त्यात २.५३ कोटी मैलांच्या, म्हणजे सुमारे चार कोटी किलोमीटरच्या प्रवासातले विमा दावे माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या दाव्यांशी ताडून पाहिले होते. मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्क्यांनी कमी होते आणि शारीरिक इजेचे ९२ टक्क्यांनी. अभ्यासात कंपनीचा सहभाग होता हे धरूनही मी तो गंभीरपणे घेतो, कारण दावा दाखल करणारा माणूस बाहेरचा असतो. ज्याची गाडी ठोकली जाते तो कंपनीचं कौतुक करायला बसलेला नसतो.

आता या गाडीमागे काय काय उभं आहे ते पाहा. जॅग्वार आय-पेस या इलेक्ट्रिक गाडीवर बसवलेल्या संचात २९ कॅमेरे, ५ लिडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारे सेन्सर) आणि ६ रडार असतात. शहराचा प्रत्येक रस्ता आधी फिरून बारकाईने नकाशात उतरवलेला असतो, त्यात सिग्नल कुठे आहे आणि फूटपाथची कड कुठे आहे इथपर्यंत नोंद असते. गाडी अडली की ती दूर बसलेल्या माणसाला विचारते. तो माणूस स्टिअरिंग फिरवत नाही, 'डावीकडून जा', 'हा रस्ता बंद आहे' एवढंच सुचवतो. शिवाय चार्जिंगचा डेपो, सेन्सर पुसणारी माणसं, अडकलेली गाडी हलवणारं पथक, पोलीस आणि अग्निशमन दलाला दिलेलं प्रशिक्षण. नव्या शहरात यातलं बरंचसं पुन्हा उभं करावं लागतं. म्हणून ही सेवा एकेक शहर करत पसरते आहे.

हा डोलारा कुठे डळमळतो तेही दिसलं आहे. २० डिसेंबर २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागात वीज गेली आणि सिग्नल बंद पडले. बंद सिग्नल दिसला तर सगळ्यांनी थांबून एकेकाने निघायचं, हा तिथला नियम गाड्यांना माहीत होता. पण खात्री करून घेण्यासाठी त्या दूरच्या माणसांना विचारू लागल्या, एकाच वेळी खूप गाड्यांनी विचारलं, आणि चौकाचौकांत गाड्या उभ्या राहिल्या. कंपनीला सेवा तात्पुरती थांबवावी लागली. माझ्या दृष्टीने ही घटना अपघातांइतकीच महत्त्वाची आहे. एकेक गाडी शहाणी असली तरी सगळ्या एकाच क्षणी अडल्या तर रुग्णवाहिका कुठून जाणार?

दिसणं आणि कळणं यातलं अंतर समजून घ्यायचं असेल तर २०१८ सालचा टेम्पीचा अपघात पाहावा. १८ मार्चच्या रात्री अ‍ॅरिझोनातल्या या शहरात उबरच्या चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघालं की गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. एवढा वेळ थांबायला पुरेसा असतो. पण प्रणाली तिला कधी वाहन समजत होती, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. दर वेळी ओळख बदलली की आधीच्या हालचालीचा हिशोब पुसला जायचा, त्यामुळे ती आपल्या वाटेत येते आहे हे गाडीला कळलंच नाही. झेब्रा क्रॉसिंगच्या बाहेर माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यताच त्या प्रणालीत धरलेली नव्हती. चाकामागे बसलेल्या देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं लक्ष मोबाइलवर होतं.

झेब्रा क्रॉसिंगच्या बाहेर रस्ता ओलांडणारी माणसं! आपल्याकडे दुसरं कोण असतं रस्त्यावर?

म्हणून आपल्या रस्त्यांविषयी 'इथे खड्डे आहेत, गुरं आहेत, इथे हे कधीच जमणार नाही' एवढं म्हणून थांबणं मला पटत नाही. खड्डा लिडारला दिसतो, म्हैसही दिसते. अवघड आहे तो रस्त्यावरचा अबोल सौदा. सिग्नल नसलेल्या चौकात आपण गाडीचं नाक थोडं पुढे घालतो, समोरचा रिक्षावाला क्षणभर अंदाज घेतो, मग कुणीतरी वेग कमी करतो. कायम सावध राहणारी गाडी तिथे उभीच राहील, आणि मागचे हॉर्न वाजवत तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जातील. तिला थोडं धीट करायचं म्हटलं, तर किती धीट करायचं हे कुणी ठरवायचं?

यावर आपल्या देशात चांगलं काम झालेलं आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने हैदराबाद-बंगळुरू परिसरात चित्रण करून गाड्यांना रस्ता ओळखायला शिकवण्यासाठी भारतीय रस्त्यांच्या १०,००० छायाचित्रांचा संग्रह तयार केला, ३४ प्रकारांत बारकाईने खुणा करून. युरोपात जमवलेल्या संग्रहात रस्ता म्हणजे रस्ता आणि फूटपाथ म्हणजे फूटपाथ असतो. इथे रिक्षा आणि प्राणी यांना वेगळे प्रकार द्यावे लागले. त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे डांबराशेजारच्या मातीच्या पट्ट्याला, आपल्या साइडपट्टीला, त्यांनी स्वतंत्र प्रकार दिला: रस्ता नाही, पण वेळ आली तर गाडी उतरवता येते. आपल्या रस्त्यावर निम्मं ड्रायव्हिंग या एका कल्पनेवर चालतं.

उसाच्या हंगामाबद्दल बोलायलाच हवं. पश्चिम महाराष्ट्रात रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला असतो, आणि ऊस ट्रॉलीच्या मापाबाहेर आलेला असतो. कॅमेऱ्याला गाडीची पाठ ओळखायला शिकवलंय ते दोन दिवे, काच आणि नंबरप्लेट यांवरून. यातलं काहीच तिथे नसतं. अशा ट्रॉल्यांवर दरवर्षी माणसं आदळतात, डोळे उघडे ठेवून गाडी चालवणारी माणसं. तिथे यंत्राकडून मोठी अपेक्षा ठेवण्याआधी ट्रॉलीला दिवा लावणं स्वस्त आणि लवकर होणारं आहे, आणि तो उपाय अजून पूर्ण होत नाही याचा मला राग येतो. सगळे रस्ते अपघात धरले तर २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं गेली.

कायद्याचंही पाहा. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि तो परवाना असलेला चालक गृहीत धरतो. जर्मनीने २०२१ मध्ये ठराविक क्षेत्रात चालकाविना गाडी चालवायला कायदा केला, ब्रिटनने २०२४ मध्ये. जबाबदारी कुणाची, हे त्यांनी आधी लिहून ठेवलं. नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितलं होतं की चालकांचे रोजगार जातील म्हणून अशा गाड्यांना भारतात परवानगी देणार नाही. रोजगाराची काळजी खरी आहे. पण परवानगी द्यायची नसली तरी जबाबदारीचा कायदा लागणारच आहे, कारण अर्धवट स्वयंचलित गाड्या आपल्याकडे आधीच विकल्या जात आहेत.

माझ्या मते भारतात हे आधी येईल ते खाणी, बंदरं, कारखान्यांची आवारं अशा कुंपणातल्या जागी, आणि मग ठराविक मार्गावरच्या बसमध्ये. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर गणपतीच्या दिवसांत चालकाविना गाडी मला माझ्या हयातीत दिसेल असं वाटत नाही.

आणि तुम्ही एडीएएस असलेली गाडी घेणार असाल, तर हे जरूर वाचा. आपल्याकडे मिळणारी ही गाडी 'लेव्हल २' ची असते. ती मदत करते, चालवता तुम्हीच. वेगात असताना पुढे उभ्या असलेल्या, बंद पडलेल्या ट्रकसाठी ती थांबेलच असं धरू नका. उगाच ब्रेक लागू नये म्हणून अशा बऱ्याच प्रणाली स्थिर वस्तूंचे रडार संकेत बाजूला टाकतात. घाटाच्या वळणावर पुढची गाडी नजरेआड झाली की रस्ता मोकळा समजून ती वेग वाढवू शकते, म्हणून खंडाळ्याला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपोआप वेग सांभाळणारी सोय, बंद करा. मुसळधार पावसात आणि पट्टे पुसलेल्या रस्त्यावर लेन असिस्टवर विसंबू नका. काचेमागच्या कॅमेऱ्यासमोर देवाची माळ किंवा स्टिकर येऊ देऊ नका. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करून घेतल्याचा कागद मागा. अनेक गॅरेजवाले ते करतच नाहीत.