समजते सगळं, पण पेपरात येत नाही

"मॅडम, याची ॲप्टिट्यूड टेस्ट करून द्या. याले सायन्स झेपते का नाही, एकदाचं कळू द्या." सकाळच्या एसटीने काटोलहून आलेले वडील खुर्चीच्या कडेवर टेकून बोलत होते. मुलगा (त्याला इथे संकेत म्हणू) मोबाइलच्या कव्हरचा कोपरा नखाने सोलत बसला होता. बारावीला 78 टक्के, नंतर एक वर्ष नागपुरात नीटचा क्लास, नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी. आणि पहिल्याच अंतर्गत परीक्षेत रसायनशास्त्रात 20 पैकी 3.

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. वर्गात समजतं, पेपरात येत नाही, मग मला डोकंच नाही का? टेस्ट मी केली नाही. झोप, जेवण, रूमवर कोणाशी बोलणं होतं का, हे विचारून घेतलं. तिथे काळजीचं काही नव्हतं. मग त्याला अभ्यासाचं टाइमटेबल आखून दिलं आणि ते साफ वाया गेलं. पोरगा आधीच रोज चार-चार तास बसत होता. त्यात आणखी एक तास घालून मी काय साधणार होते?

मानसशास्त्राकडे वळण्याआधी मीही रसायनशास्त्रातच बी.एस्सी. केलं. त्यामुळे दुसऱ्या भेटीत त्याची वही मागितली आणि म्हटलं, माझ्यासमोर एक गणित सोडव, फक्त मोठ्याने बोलत सोडव. गणित नेहमीचंच: अगदी पातळ, 10⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? (पीएच म्हणजे आम्लतेचं माप: 7 म्हणजे शुद्ध पाणी, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी.) त्याने पेन उचललं, सूत्र लिहिलं, वीस सेकंदांत उत्तर: 8.

"आम्लच टाकलंस ना पाण्यात?"

"हो."

"मग ते पाणी आम्लारी कसं झालं?"

तो वहीकडे पाहत राहिला. "सूत्रात तर 8च येते, मॅडम."

सूत्राची काही चूक नव्हती. भांड्यातलं पाणी त्याने धरलंच नव्हतं. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात स्वतःचेच 10⁻⁷ मोलर हायड्रोजन आयन असतात, म्हणजे या आम्लाच्या दहापट. दोन्हींची नुसती बेरीज केली तर पीएच 6.96 येतो. खरं उत्तर मात्र 6.98 आहे, कारण बाहेरून आयन आले की पाण्याचं स्वतःचं विघटन थोडं मागे सरकतं. दुसऱ्या दशांश स्थानावरचा हा फरक परीक्षेत कोणी विचारणार नाही. मला मात्र तो फार आवडतो. 'समतोल' आणि 'आम्ल-आम्लारी' ही वहीतली दोन वेगळी प्रकरणं तिथे एकाच भांड्यात सापडतात.

वीस सेकंदांची ही घाई आली कुठून? नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न, त्यांतले 45 रसायनशास्त्राचे. वर्षभर त्याने प्रश्नातला ओळखीचा शब्द पकडायचा, सूत्र लावायचं आणि गोल काळा करायचा, एवढाच सराव केला होता. त्या परीक्षेसाठी ते चुकीचं नाही. पण पायऱ्या मागणाऱ्या पेपरात तो सराव आडवा येतो, आणि मुलाला वाटतं आपली बुद्धीच कमी पडते आहे. क्लासवाल्यांवर माझा राग नाही. पालकांनी एका पेपरावरून पोराची शाखा बदलायला निघावं, यावर थोडा आहे.

समतोलाची भानगड वेगळीच निघाली. त्याच्या डोक्यात समतोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या आणि अभिक्रिया थांबलेली. शब्दच तसा आहे, तराजू डोळ्यांपुढे उभा करणारा. तो रोज मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरायचा. मी विचारलं, संध्याकाळी वरच्या फलाटावर 300 माणसं आहेत आणि खालच्या 100. मिनिटाला 20 वर चढतात, 20 खाली उतरतात. आकडा बदलेल? "नाही." माणसं तीच राहतील? तो हसला. "माणसं बदलत राहतीन." मग सारखं काय आहे? जरा थांबून म्हणाला, "येणं-जाणं." बस, वेग सारखे, प्रमाण नव्हे. 300 ला 100 ने भाग, तोच तुझा समतोल स्थिरांक. दाखला फार ताणू नये, माणसं काही रेणू नव्हेत. पण 'थांबलं' हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा आला नाही.

नियम एकच ठरवला. कॅल्क्युलेटर पालथा ठेवायचा, आणि आधी आपल्या भाषेत दोन ओळी लिहायच्या: भांड्यात काय काय आहे, उत्तर साधारण कुठे यायला पाहिजे. 0.1 मोलर ॲसेटिक आम्लासाठी त्याने लिहिलं, 'हायड्रोक्लोरिक असतं तर 1 आला असता. हे कमजोर आहे, थोडंच तुटते. म्हणून 1 च्या वर, 7 च्या बरंच खाली.' मग गणित केलं: 2.87. उत्तर आल्यावर तो माझ्याकडे बघायचा थांबला, हे मी टिपून ठेवलं.

तिसऱ्या भेटीला वडीलही आले. बोलता बोलता संत्र्याचा विषय निघाला. पानं पिवळी पडून राहिली, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीच्या तपासणीत सामू 8.2, चुनखडीची जमीन. संकेतने मान वर केली. "बाबा, सामू म्हणजे पीएचच ना?" वडील चकित. "तुले माहीत नव्हतं का बे?" मग पोराने कागद ओढला. जमिनीत लोह असते, पण सामू वाढला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकते, मुळांच्या हाती लागत नाही. म्हणूनच फेरस सल्फेट पानांवर फवारतात. वडील वर्षानुवर्षं फवारत होते. 'समतोल सरकतो' हे वाक्य त्याने तिथे आपणहून वापरलं. मी गप्प बसले.

पुढच्या अंतर्गत परीक्षेत 20 पैकी 11 आले. बफरच्या गणितात अजून अडखळतो. टेस्टचा विषय वडिलांनी पुन्हा काढला नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, मला वाटलं फीबद्दल असेल.

"मॅडम, हा म्हणते का 7.2 नं 8.2 मधी दहापट फरक असते. खरं हाये का?"

खरं आहे, म्हटलं.

"मंग त्या माती परीक्षणाच्या कागदावर तसं लिहून कायले नाही देत? आम्ही समजत होतो, एकानंच तं वाढला."